स्विचमधील ‘इतिहास’ : एका तांत्रिक संज्ञेची चिकित्सा

मराठीत शास्त्रीय परिभाषेची समीक्षा बहुधा कोशांपुरती मर्यादित राहिली आहे. संज्ञा संस्कृतोद्भव असावी की रूढ असावी, ती उच्चारास सुलभ आहे की नाही, याविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु संज्ञा ज्या मूळ लेखात जन्मली त्या लेखातील विधानांशी ती कितपत प्रामाणिक आहे, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. नेटवर्कच्या व्यवस्थापनक्षम स्विचवर वाहतुकीचे ‘ऐतिहासिक नमुने’ घेण्याची जी सोय असते, ती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. त्या पदसमूहातील वाहतूक, इतिहास आणि नमुना हे तिन्ही शब्द मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे आहेत, आणि त्यांपैकी दोन त्याला निश्चितपणे चकवतात.

या सोयीचे मूळ ‘रिमोट नेटवर्क मॉनिटरिंग’, संक्षेपाने ‘आरमॉन’, या मानकात आहे. ते नोव्हेंबर १९९१ मध्ये आर. एफ. सी. १२७१ म्हणून प्रथम प्रसिद्ध झाले, फेब्रुवारी १९९५ मध्ये आर. एफ. सी. १७५७ या रूपात सुधारले गेले आणि मे २००० मध्ये आर. एफ. सी. २८१९ म्हणून पूर्ण मानकाच्या पदवीस पोहोचले. तिन्ही वेळा त्याचे कर्तृत्व स्टीव्हन वाल्डबुसर यांच्याकडे होते. मानकात अनेक गट आहेत. सामान्य स्विच त्यांपैकी आकडेवारी, इतिहास, इशारा आणि घटना हे चारच बहुधा स्वीकारतो. प्रस्तुत विवेचन त्यांतील इतिहास-गटापुरते आहे.

रचना थोडक्यात अशी. नियंत्रण-तक्त्यात एक ओळ निर्माण करावयाची. कोणत्या पोर्टकडे लक्ष द्यावयाचे, किती खण राखावयाचे, प्रत्येक खणाचा कालावधी किती सेकंदांचा, आणि ही मागणी कोणाची, एवढे तीत सांगावयाचे, व शेवटी ती ओळ कार्यान्वित करावयाची. (मूळ शब्दाचा ‘बादली’ हा शब्दार्थ काही भाषांतरकारांना मोहात पाडील; परंतु येथे काही ओतले जात नाही, कप्प्यात ठेवले जाते, म्हणून ‘खण’ बरा.) कालावधी १ सेकंदापासून ३६०० सेकंदांपर्यंत चालतो, काहीच न सांगितल्यास १८०० सेकंद आणि ५० खण धरले जातात. त्यानंतर प्रत्येक कालावधीच्या अखेरीस स्विच दुसऱ्या तक्त्यात एक नवी ओळ टाकतो. तीत त्या अवधीतील पॅकेटे, ऑक्टेट, सर्वांना उद्देशून पाठवलेली पॅकेटे, सदोष पॅकेटे, तुकडे, टकरी यांच्या संख्या येतात आणि शेवटी पोर्टच्या वापराचे प्रमाण टक्क्याच्या शतांशात येते. पन्नास खण भरले की एक्कावन्नाव्यासाठी सर्वांत जुना खण पुसला जातो. एका पोर्टवर अशा दोन ओळी, एक ३० सेकंदांची व एक ३० मिनिटांची, असाव्यात अशी मानकाची शिफारस आहे. पन्नास खणांच्या हिशेबाने पहिलीची स्मृती २५ मिनिटांची ठरते व दुसरीची २५ तासांची.

पंचवीस तासांच्या स्मृतीला इतिहास म्हणावे काय, हा प्रश्न सहज सुचतो. तथापि तो सर्वांत महत्त्वाचा नव्हे. अवधी अल्प असणे हा दोष नसून परिमाणाचा प्रश्न आहे; खणांची संख्या ६५,५३५ पर्यंत मागण्यास मानकाची मुभा आहे. खरा पेच शब्दांच्या अर्थक्षेत्रात आहे.

‘वाहतूक’ या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल, कारण तेथे मराठीची बाजू मुळापेक्षा बळकट आहे. इंग्रजीत एकच शब्द असलेल्या ठिकाणी मराठीत दोन आहेत: रहदारी आणि वाहतूक. फारसीतून आलेला ‘रहदारी’ हा शब्द एकेकाळी वाटेवरील जकातीचा वाचक होता. आज तो जाण्यायेण्याचा, म्हणजे वाटेवरून किती जण गेले याचा, बोध करतो. ‘वाहतूक’ वाहण्याशी जोडलेली आहे. किती ओझे गेले, हा तिचा विषय. ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर मानपाड्याच्या उड्डाणपुलाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. जवाहरलाल नेहरू बंदराकडून गुजरातच्या दिशेने जाणारा एक कंटेनर आणि कासारवडवलीहून माजिवड्याकडे निघालेली एक दुचाकी रहदारीत एकेकच मोजली जातील. वाहतुकीत त्यांची बरोबरी होणार नाही. रस्ते-अभियंत्यांना याच अडचणीमुळे सर्व वाहनांचे रूपांतर मोटारगाडीच्या एककात करावे लागते. स्विचच्या तक्त्यात पॅकेटांची संख्या आणि ऑक्टेटांची संख्या शेजारी शेजारी असतात, त्याचे कारण हेच. लहानात लहान इथरनेट पॅकेट ६४ ऑक्टेटांचे, नेहमीच्या मर्यादेतील मोठ्यात मोठे १५१८ ऑक्टेटांचे. म्हणजे रहदारी तेवढीच राहून वाहतूक सुमारे चोवीसपट होऊ शकते. पॅकेटांच्या रकान्याला ‘रहदारी’ व ऑक्टेटांच्या रकान्याला ‘वाहतूक’ असे मराठीत म्हटले, तर विद्यार्थ्याला तक्ता वाचण्यापूर्वीच त्याचे अर्धे मर्म कळेल. आज दोन्हींना सरसकट ‘ट्रॅफिक’ म्हटले जाते आणि हाती असलेला भेद वाया जातो.

‘नमुना’ या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. फारसीतून आलेल्या या शब्दावर मराठीने इतकी कामे लादली आहेत की त्याला स्वतःचा असा अर्थच उरलेला नाही. कापडाचा नमुना म्हणजे वानगी. सही करण्याचा नमुना म्हणजे आदर्श. आणि महसूल खात्यातील गाव नमुना सात व बारा, ज्यांच्या जोडीला सारा महाराष्ट्र ‘सातबारा’ म्हणतो, ते नमुने नसून कोरे वा भरलेले तक्ते. संख्याशास्त्रातला नमुना आणखी निराळा. तेथे समष्टीतील काही घटक, शक्यतो यदृच्छेने, निवडून त्यांवरून समष्टीविषयी अनुमान करावयाचे असते. याच शास्त्राला सातारा जिल्ह्यातून आलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथाने जगन्मान्य आधार दिला. मराठी विश्वकोशाने या अर्थी ‘प्रतिदर्श’ हा शब्द योजला आहे. तो जड आहे, पण एकार्थी आहे.

आता मानकाकडे वळावे. इतिहास-गटाचा परिचय करून देताना वाल्डबुसर त्याचे वर्णन ठराविक काळाने घेतलेले सांख्यिकीय नमुने असे करतात. परंतु त्याच लेखात प्रत्येक रकान्याची व्याख्या देताना ‘या अवधीत आलेल्या पॅकेटांची एकूण संख्या’ अशा आशयाचे शब्द येतात. परिचयात नमुना आणि व्याख्येत एकूण: या दोहोंचा मेळ बसत नाही. येथे कोणतीही निवड होत नाही. स्विच प्रत्येक पॅकेट मोजतो. फक्त मोजणीची बेरीज ठराविक अंतराने वहीत उतरवतो. ‘सांख्यिकीय’ हे विशेषण मुळात ‘आकडेवारीविषयक’ एवढ्याच अर्थाने आले आहे. वाचकाच्या मनात मात्र ते संभाव्यतेचे शास्त्र जागे करते. हा लेखनातील दोष होय, आणि एरवी इतक्या काटेकोर असलेल्या लेखात तो खटकतो.

दोष केवळ शाब्दिक नाही, हे एका तुलनेवरून स्पष्ट होईल. सप्टेंबर २००१ च्या आर. एफ. सी. ३१७६ मध्ये वर्णिलेली ‘एस-फ्लो’ ही पद्धती अनेक स्विचमध्ये असते. ती खरोखरच प्रतिदर्श घेते: दर काही शे अथवा काही हजार पॅकेटांतून सरासरीने एक, यदृच्छेने निवडून. तिच्या अनुमानातील त्रुटीची मर्यादा हाती आलेल्या प्रतिदर्शांच्या संख्येवरून काढता येते. एखाद्या प्रकारची १०० पॅकेटे हाती आली असतील तर ती मर्यादा सुमारे १९.६ टक्के, १०,००० आली असतील तर सुमारे १.९६ टक्के. तिसरी रीत रस्त्यांवरची. बिगर-नागरी रस्त्यांवरील वाहनगणतीविषयी इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या संहितेत वर्षातून किमान दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस, रात्रंदिवस मोजणी करण्यास सांगितले आहे. म्हणजे निवडलेल्या आठवड्यात सर्व वाहने मोजावयाची आणि उरलेल्या वर्षाविषयी अनुमान करावयाचे. रस्त्यावर काळाचा नमुना घेतला जातो, एस-फ्लोमध्ये पॅकेटांचा; आरमॉनच्या इतिहासात कशाचाच घेतला जात नाही. या तिन्ही क्रियांना मराठीत ‘नमुना घेणे’ म्हटले की विद्यार्थी एस-फ्लोच्या अंदाजाला पूर्ण गणना समजतो आणि आरमॉनच्या पूर्ण गणनेत नसलेली यादृच्छिक त्रुटी शोधत बसतो.

त्या गणनेत त्रुटी मुळीच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. येथे मानकाचा एक गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. तक्त्याचा एक रकाना स्वतःच्या अपुरेपणाचा आहे: साधने कमी पडल्यामुळे मोजणाऱ्याकडूनच पॅकेटे सुटली, असे किती वेळा घडले, ते त्यात येते. शिवाय ही सुटलेल्या पॅकेटांची संख्या नव्हे, सुटण्याच्या प्रसंगांची आहे, अशी पुस्तीही व्याख्येतच जोडलेली आहे. ‘किती हरवले हे माहीत नाही, पण हरवल्याचे इतक्या वेळा ध्यानात आले’ ही कबुली मानवी इतिहासकारांच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. बखरकारांनी असा एक रकाना ठेवला असता तर पुढच्या संशोधकांची कित्येक वर्षे वाचली असती.

‘इतिहास’ या शब्दाशी येऊन पोहोचल्यावर व्याकरणाचा एक मुद्दा पुढे येतो. चालू अवधीचा खण तो अवधी संपेपर्यंत वाचता येत नाही, असा मानकाचा नियम आहे. मराठी क्रियापदाच्या भाषेत सांगावयाचे तर या तक्त्याला ‘पॅकेट गेले’ एवढेच रूप ठाऊक आहे. ‘पॅकेट जात आहे’ हे रूप त्याच्या व्याकरणात नाही. कालावधी ३० मिनिटांचा ठेवला तर वर्तमान अर्धा तास अदृश्य असतो. ‘इति ह आस’ या व्युत्पत्तीशी हे सुसंगत आहे, आणि एवढ्यापुरता ‘इतिहास’ हा शब्द सार्थ ठरतो. परंतु इतिहासाला तिथी लागते, आणि तिथे हा तक्ता अडखळतो. प्रत्येक खणाच्या आरंभाची वेळ घड्याळाची नसते. स्विचची व्यवस्थापन-यंत्रणा सुरू झाल्यापासून सेकंदाचे किती शतांश लोटले, ती संख्या असते. ही संख्या सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. वीज जाऊन स्विच नव्याने सुरू झाला तर तत्काळ येते, आणि सामान्यतः जुने खणही त्याबरोबर नाहीसे होतात. प्रत्येक राजाच्या राज्यारोहणापासून नवा शक मोजणाऱ्या आणि मागच्या राजाचे दप्तर जाळणाऱ्या दरबाराची ही कालगणना आहे. लौकिक वेळ काढावयाची तर स्विचचे ‘वय’ आणि घड्याळ एकाच क्षणी वाचून वजाबाकी करावी लागते. विद्यार्थ्यांच्या अहवालांत ही पायरी बहुधा गाळली जाते.

स्थळाचेही तसेच. पोर्टची ओळख एका क्रमांकाने होते, आणि स्विच पुन्हा सुरू झाल्यावर तो क्रमांक तोच राहील अशी हमी मूळ व्यवस्थेत नाही. ‘मानपाडा’ एवढेच लिहिलेले पत्र ठाण्यात घोडबंदर मार्गावर जावे की डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्याकडे, हे जसे नुसत्या नावावरून ठरत नाही, तसेच जुन्या खणावरील पोर्ट-क्रमांकाचे समजावे.

याचा व्यावहारिक परिणाम पाहण्यासाठी मानपाड्यातील एखाद्या महाविद्यालयाची संगणक-प्रयोगशाळा कल्पावी. शुक्रवारी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परीक्षेचे अर्ज भरले जात असता जाल चाळीस सेकंद ठप्प होते. काही विद्यार्थ्यांचे अर्ज पोहोचत नाहीत. सोमवारी सकाळी दहा वाजता तंत्रज्ञ स्विचचा इतिहास उघडतो. पन्नास खणांची गृहीत मांडणी असल्यास त्यात रविवारी सकाळी नवाच्या आधीचे काही उरलेले नाही. शुक्रवारपर्यंत पोहोचण्यास अर्ध्या तासाचे किमान १३० खण हवे होते. समजा, तेवढे मागितले होते आणि मिळालेही होते. (मागितलेले खण आणि मंजूर झालेले खण असे दोन वेगळे रकाने मानकात आहेत, सरकारी कचेरीतील मागणी आणि मंजुरी यांचा संबंध ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगणे नको.) तरीही त्या अर्ध्या तासाच्या खणात दिसेल काय? पोर्ट चाळीस सेकंद पूर्ण भरलेला आणि उरलेला वेळ रिकामा असेल, तर सरासरी वापर ४० भागिले १८००, म्हणजे २.२ टक्के. तंत्रज्ञ प्रामाणिकपणे सांगेल की वाहतूक किरकोळ होती. विद्यार्थीही खोटे बोलत नाहीत. दोघांमध्ये उभी आहे ती कालावधीची निवड, आणि ती कोणी, केव्हा, कशासाठी केली, याची नोंद बहुधा कोणापाशीच नसते.

उलट दिशेने एक अडचण आहे. इतिहासाच्या मूळ तक्त्यातील ऑक्टेट-गणक ३२ द्विमान अंकांचा आहे. त्याची कमाल ४,२९,४९,६७,२९५. सेकंदाला शंभर कोटी बिटांच्या पोर्टवर पूर्ण भाराने हा आकडा सुमारे ३५ सेकंदांत ओलांडला जातो. तीस सेकंदांचा खण त्यात मावतो. तीस मिनिटांचा, पोर्ट खरोखर गजबजलेला असल्यास, मावत नाही. १९९१ साली इथरनेट सेकंदाला एक कोटी बिटांचे होते आणि वापराच्या टक्केवारीचे मानकातील सूत्रही त्याच वेगावर बेतलेले आहे. जुलै २००२ च्या आर. एफ. सी. ३२७३ ने ६४ अंकी गणकांची पुरवणी जोडली. परंतु स्विचने ती स्वीकारली आहे की नाही हे पाहिल्याशिवाय दीर्घ अवधीच्या आकड्यांवर विसंबणे धाडसाचे होय.

या शब्दघोळाला एक कायदेशीर बाजूही आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ७०ब अन्वये निर्देश काढून संस्थांना आपल्या संगणकीय प्रणालींच्या नोंदी सतत सरकत्या १८० दिवसांपर्यंत जपण्यास सांगितले. घड्याळे राष्ट्रीय कालमानाशी जुळवण्यासही सांगितले. मराठीत ‘लॉग’ आणि ‘हिस्टरी’ या दोहोंनाही सहज ‘नोंद’ म्हटले जाते. अर्ध्या तासाचे ८,६४० खण राखले की १८० दिवस भरतात, हा हिशेब बरोबर आहे. म्हणून कर्तव्य पार पडले, हे अनुमान चूक. घटनेची नोंद ‘कोणी, कोणाशी, केव्हा’ सांगते. इतिहास-गटाचा खण केवळ ‘किती’ सांगतो. त्यात पत्ता नाही, मजकूर नाही, व्यक्ती नाही. मानकानेही हा भेद पाळला आहे: ‘लॉग’ या नावाचा तक्ता घटना-गटात आहे, इतिहास-गटात नाही. मूळ लेखाने राखलेले अंतर भाषांतराने बुजवावे, ही उलटी गोष्ट आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या चर्चेत परकेपणा वाटण्याचे कारण नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या त्या खंडात ठाणे परिसरातील कोळी, आगरी, वारली इत्यादी बोलींचे नमुने आहेत. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर हा त्या सर्वेक्षणाचा ठरीव नमुना. तो वानगी होय, प्रतिदर्श नव्हे. बोलणाऱ्यांची निवड यदृच्छेने झालेली नव्हती. पुढे अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात ठाण्याच्या वारलीला स्वतंत्र पुस्तक मिळाले. या दोन नोंदींच्या मधल्या काळात बोलीचे काय झाले, हे कोणत्याही खणात नाही. शिलालेखांवरून भाषेचा इतिहास लिहिणाऱ्यापुढेही अशीच रिकामी शतके असतात. स्विचच्या तक्त्यात रिकामी जागा नसते. तेथे प्रत्येक क्षण मोजलेला असतो, पण खणाच्या आत डोकावता येत नाही. पहिल्या सामग्रीत बिंदू आहेत आणि अंतर नाही. दुसरीत अंतर आहे आणि बिंदू नाहीत. दोहोंना ‘ऐतिहासिक नमुने’ म्हणून एकाच रीतीने वाचणारा अभ्यासक दोन्ही ठिकाणी फसेल, फक्त वेगवेगळ्या दिशांनी.

पर्यायी शब्द सुचवायचे झाल्यास वानगी, प्रतिदर्श आणि खंडगणना असे तीन वेगळे ठेवावेत, आणि इतिहास-गटाच्या कार्याला ‘खंडगणना’ म्हणावे. ‘फिरती कीर्द’ हे नाव अधिक बोलके आहे, परंतु कीर्दीत व्यवहारागणिक नोंद अभिप्रेत असते आणि पाने पुसली जात नाहीत. तेव्हा ते टाकलेले बरे. ‘इतिहास’ हा शब्द पडद्यावर छापला गेलाच आहे, तो हटणार नाही. अध्यापकाने त्याच्याशेजारी कालावधी आणि खणसंख्या लिहिण्याची सवय लावली तरी पुष्कळ साधेल. ‘वापर २.२ टक्के’ असे न लिहिता ‘१८०० सेकंदांच्या खणात सरासरी वापर २.२ टक्के’ असे लिहिले की वाचणारा स्वतःच पुढचा प्रश्न विचारतो.

शेवटी आज्ञेच्या वाक्यरचनेविषयी. स्विचला इतिहास राखण्यास सांगणारी आज्ञा क्रियापदाविना असते: आरमॉन, संकलन, इतिहास, क्रमांक, खण, कालावधी आणि सरतेशेवटी ‘मालक’. व्याकरणदृष्ट्या ती नामांची माळ आहे. क्रिया अध्याहृत, आणि ज्याने ही मागणी केली त्या कर्त्याचे स्थान ऐच्छिक. मानकाने मात्र या रकान्याला वजन दिले आहे: ही ओळ कोणी मांडली आणि म्हणून स्विचची साधने कोण वापरीत आहे, हे त्यात लिहावयाचे असते, स्विचने स्वतःहून मांडलेल्या ओळीच्या मालकाचे नाव ‘मॉनिटर’ या शब्दाने सुरू होते. मानपाड्याच्या त्या कल्पित प्रयोगशाळेत कालावधी १८०० सेकंद का ठेवला, असे विचारल्यास उत्तर द्यावयास कोणी पुढे येणार नाही. कारण तो रकाना कोणी भरलेलाच नसतो.